धुरपी गेली, अन् कापसाच्या गंजीवर तिचा खळगा तसाच हाये

कापूसकोंड्या | १२ जानेवारी २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं तुरीवरची मर, बोंडअळी, कापसाचे भाव असलंच काही विचारायला येतो. आज विचारायचं काही नाही, नुसतं सांगायचं आहे.

४ तारखेला, शनिवारी, आमची मांजर गेली. धुरपी. अकरा वर्षं झाली होती तिला.

गावात हे सांगायची सोय नाही. पारावर एकदा तोंड उघडलं तर एक जण म्हणाला, "मांजरच त होती बापू, गोठ्यात पाय, दुसरी सापडन." वाईट मनानं नाही म्हणाला. पण त्यानंतर मी गप्पच. म्हणून इथं लिहितो, इथं कोणाला माझं तोंड दिसत नाही.

२०१३ चा पावसाळा आठवत असेल. विदर्भात त्या साली झड अशी लागली की सोयाबीन उभ्या उभ्या पिवळं पडलं. त्या झडीत गोठ्यातल्या कुटाराच्या ढिगात एकटंच पिल्लू ओरडत होतं. माय कुठं गेली, पत्ता नाही. आबांनी दुपट्ट्यात गुंडाळून घरात आणलं. रंग असा, की ओली तुराटी चुलीत घातल्यावर जो धूर निघतो तो. म्हणून धुरपी. आमच्या एका लांबच्या आत्याचं नाव धुरपता आहे. ती अजून आबांशी नीट बोलत नाही.

आबा तसे लाड करणारे नाहीत. धुरपीशी ते "चाल निंघ इथून" याच्यापलीकडे काही बोलल्याचं मला आठवत नाही. पण रोज सकाळी म्हशीचं दूध काढून आणलं की गंज खाली ठेवायच्या आधी दाराजवळच्या फुटक्या उखळात थोडं ओतायचे. मग घरात. चहा त्याच्यानंतर. हा क्रम अकरा वर्षांत मोडला नाही. एकदा म्हैस आटली होती तेव्हा पाकिटाचं दूध आणलं, तर धुरपीनं वास घेतला अन् उखळाकडे पाठ करून बसली. आबा म्हणाले, "पाय, तिले समजते. तुमाले नाही समजत."

कापूस यंदा अजून घरातच आहे. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये, खासगीवाला त्याच्या किती तरी खाली मागतो, म्हणून मधल्या खोलीत आढ्याला टेकेल एवढी गंजी लावून ठेवली आहे. धुरपी दर वर्षी दिवाळी झाली की त्या गंजीवर चढायची. मग होळीपर्यंत, नाहीतर कापूस विकेपर्यंत, तिचा मुक्काम तिथंच. खाली यायची ती दुधाला अन् उंदराला. पहिली पिल्लंही तिनं तिथंच घातली. तेवढा डागाळलेला कापूस आईनं वेगळा काढून उशीत भरला होता. ती उशी अजून आहे.

गुरुवारी ती खाली आली नाही. मी वर चढून पाहिलं तर अंग तापलेलं. शुक्रवारी तसंच. रात्री आबांनी मलईत कालवून काय ते औषध चाटवलं, तिनं चाटलंही, मला वाटलं आता उठेल. शनिवारी सकाळी पाहतो तर तोंड सुजून बोक्यासारखं झालेलं. पुढचे दोन्ही पंजेही सुजलेले. धाप लागलेली. शेजारचे काका आले, म्हणाले परडानं डसलं असन. (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: इकडं घोणस म्हणजे परड.) पाणी पाजायला मी तिचं तोंड उघडलं तर हिरड्या कथ्थ्या. कोणी काथ लावावा तशा.

तालुका चौदा किलोमीटर. बारदान्यात गुंडाळून मोटारसायकलवर निघालो, ती आबांच्या मांडीवर. नाल्याच्या रपट्यावर आलो तेव्हा आबांनी मागून खांद्यावर हात ठेवला.

"गाडी वयव."

शेताच्या धुऱ्यावर बोरीखाली पुरली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काट्या टाकल्या.

आता गंजीवर तिच्या अंगाचा खळगा आहे. जेवणाच्या ताटाएवढा, कडेला राखी केस चिकटलेले. बायको म्हणते, गाडी बोलवा अन् विकून टाका, आता कशाची वाट पाहता. आबा म्हणतात, थांब, भाव वाढन. भाव वाढणार नाही हे आबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मीही थांब म्हणतो.

तुमच्याकडं अशी कोणी होती का? लिहा. वाचीन मी.

वरूडचा_संत्रा | १३ जानेवारी, सकाळी ७.१५

कोंड्याभाऊ, सकाळी सकाळी वाचलं अन् चहा थंड झाला.

आमच्या आजीकडं एक होती, नाव बाईसाहेब. नावासारखीच. आमच्या भागात मे महिन्यात काय होतं तुम्हाला माहीतच आहे, पारा पंचेचाळीसच्या वर अन् दुपारची लाईन गेलेली. बाईसाहेब दुपारभर माठाच्या तिवईखाली ओल्या वाळूत पोट टेकवून पडलेली असायची. लाईन आली, कूलर घरघरला, की घरातला कोणताही माणूस उठायच्या आधी ती कूलरसमोर. आजोबा दुसरे. आजोबांनी एकदा तिला उचलून बाजूला ठेवलं तर तिनं रात्री त्यांच्या जोड्यात मेलेली चिचुंदरी ठेवली. हे आमच्या घरात अजून सांगतात. योगायोग असेल. मला नाही वाटत.

ती गेली तेव्हा मी नागपूरला होस्टेलवर. आईनं फोनवर सगळं सांगितलं, आंबिया बहार कसा आहे, काकाच्या पोरीचं जमलं, अन् शेवटी, ठेवता ठेवता, "अन् हो, बाईसाहेब गेली." मी म्हटलं बरं. फोन ठेवला. मेसमध्ये वरणभात वाढून घेतला अन् ताटावर बसून रडलो. रूममेटला वाटलं घरचं कोणी गेलं. मी हो म्हटलं.

बोडीवरचा_बगळा | १३ जानेवारी, दुपारी १.०२

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, धान अन् तलाव. आमच्याकडं मांजरीचं सुख काय सांगू! मालगुजारीच्या काळातल्या तलावावर जाळं पडलं की गावातल्या सगळ्या मांजरींना कसं कळतं देव जाणे. आमची काळी तर पाळीवर, मासोळीची टोपली ज्या बाजूनं येणार त्याच बाजूला तोंड करून, तासभर आधी बसलेली असायची.

पण मला सांगायचं ते दुसरंच. तुमची धुरपी घरात गेली, तुम्हाला पुरायला मिळाली. आमची काळी एका कार्तिकात संध्याकाळी निघाली ती आलीच नाही. जंगल लागून आहे, बिबट्या गावाच्या कडेनं फिरतो, कुत्री-मांजरं उचलतो. तसं झालं असेल. की म्हातारी झाली म्हणून कुठं बांधीच्या आड जाऊन बसली असेल. दुखणाईत मांजर लपून बसते, बऱ्याच जणांची अशीच गेली. माझी आई सहा महिने रात्री मागचं दार अर्धं उघडं ठेवायची. थंडी आत यायची, आम्ही कोणी काही म्हणत नव्हतो. मग एक दिवस आईनंच ते लावलं. कोणता दिवस ते आठवत नाही.

रोखठोक | १३ जानेवारी, रात्री ९.३०

माफ करा, पण स्पष्ट बोलतो. २०१७ ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं मेली. दर वर्षी शेतकरी फास घेतो. अन् इथं मांजरीवर सुतक पाळणं चालू आहे. जनावर ते जनावर. मलाही वाईट वाटतं, पण काही प्रमाण असावं.

आर्णीची_पोट्टी | १३ जानेवारी, रात्री १०.०५

रोखठोक भाऊ, त्या वर्षी माहा मामा होता त्या दवाखान्यात. वाचला. डोळ्याले अंधारी, हातपाय कापत, घरी आणला तवा ओसरीत खाटेवर बसून राहे. मामीशी बोले नाही, आमच्याशी बोले नाही. तीन महिने. फक्त बोका आला का त्याले इचारे, "कोठी गेलता बे? जेवला का?" आम्ही दाराच्या आडून ऐकत राहो, तेवढाच त्याचा आवाज. बोक्यामुळं तो बरा झाला असं मी म्हणत नाही, डॉक्टरनं केला बरा. पण मेलेल्या माणसाचा हिशेब मांजरीच्या नावावर नका टाकू.

बोका दोन वर्षांनं गेला, मोठ्या रस्त्यावर गाडीखाली आला. मामा स्वतः फावडं घेऊन गेला.

रोखठोक | १३ जानेवारी, रात्री १०.२०

ताई, तसं नव्हतं म्हणायचं. असो.

कवेलू | १४ जानेवारी, सकाळी ८.४०

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा. मी सेवानिवृत्त शिक्षक, वय ७१, वाशीम जिल्हा. टंकायला वेळ लागतो, चूकभूल द्यावी घ्यावी.

मांजरीविषयी आपल्या खेड्यांत दोन टोकांच्या भावना आहेत, याची मला नेहमी गंमत वाटते. आडवी गेली की दहा पावले मागे यायचे. आणि तीच मांजर षष्ठीदेवीचे वाहन. षष्ठी म्हणजे आपली सटवाई. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी जिची पूजा मांडतो, कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, ती. जिच्या हाती लेकराच्या कपाळाचे लेख, ती मांजरीवर बसून येते, आणि आपण त्याच मांजरीला बाळंतिणीच्या खोलीतून हुसकतो! माझी आई मात्र हुसकत नसे. ती म्हणे, आली असेल पाहायला.

आमच्याकडे तीन रंगांची होती. पांढरी, काळी, तांबडी. तिला लक्ष्मी म्हणत. शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांना तिचेच उदाहरण द्यायचो. तांबडा रंग ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. तांबडा आणि काळा दोन्ही एका अंगावर यायचे तर दोन एक्स हवेत, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच. बोका क्वचित, काही हजारांत एखादा. हे शिकवून मी घरी आलो की लक्ष्मी माझ्या तपासायच्या वह्यांवर बसलेली. एका मुलाच्या वहीवर तिच्या पायाचे चिखलाचे ठसे उमटले होते. मी खाली शेरा लिहिला, "तपासले." त्या मुलाने ती वही जपून ठेवली आहे, परवा लग्नात भेटला तेव्हा म्हणाला.

आपण धुरपी हे नाव ठेवलेत ते फार आवडले.

ढोरांचा_डॉक्टर | १४ जानेवारी, दुपारी ३.१०

कापूसकोंड्या, आधी सांत्वन. मी पशुवैद्यक आहे, नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकलो, दिवसभर गाई-म्हशी-शेळ्याच पाहतो, मांजर माझ्याकडं महिन्यातून एखादी येते.

तुमचं वर्णन दोनदा वाचलं. विचारू की नको असं झालं, पण इथं बाकीचे लोकही वाचतात म्हणून विचारतो. परडाचा डंख असता तर सूज सहसा एका जागेपासून चढत जाते. तोंड आणि दोन्ही पंजे एकदम, अन् हिरड्या कथ्थ्या, हे मला वेगळं वाटतं. शुक्रवारी रात्री मलईतून नेमकं काय दिलं होतं?

चिखलीकर | १४ जानेवारी, संध्याकाळी ६.००

डॉक्टर आहेत तर माझंही लिहून टाकतो. २०२२ साली गाईंवर लम्पी रोग आला होता तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं चार पिल्लं, अडीच-तीन महिन्यांची. एकाला उलट्या सुरू झाल्या, मग पातळ हगवण, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचं पण प्यायचं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात गेलो तर बाहेर लोक गाई घेऊन उभे. माझ्या हातात शर्टाच्या खिशात मावेल एवढं पिल्लू. रांगेतले एक जण हसले. डॉक्टरांनी पाहिलं, बिचारे तीन रात्री झोपले नसतील, म्हणाले हा कुत्र्यांच्या पार्वो रोगासारखा प्रकार आहे, घरी बाकीची वेगळी ठेवा. घरी पोचेपर्यंत दुसऱ्याला लागलं होतं. आठ दिवसांत चारही. यावर लस असते हे मला त्याच दिवशी कळलं. गाईला टोचतात, कुत्र्याला टोचतात, मांजरीलाही असते हे डोक्यातच नव्हतं.

माय तीन दिवस घरभर त्यांना हाका मारत फिरली. मांजर सात घरं पिल्लं फिरवते म्हणतात, ती सातही घरं पाहून आली.

ढोरांचा_डॉक्टर | १४ जानेवारी, रात्री ८.२५

चिखलीकर, हो, तो मांजरांचा पार्वो, पॅनल्युकोपेनिया. पिल्लात फार मरतुक. लस साधारण दोन महिन्यांच्या पुढं सुरू करतात, काही आठवड्यांच्या अंतरानं परत देतात. अन् तो विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो, म्हणून ज्या घरात झाला तिथं नवं पिल्लू लस झाल्याशिवाय आणू नये. रेबीजची लस वेगळी, तीही द्यावी.

वरूडचा_संत्रा | १७ जानेवारी, सकाळी १०.४४

कोंड्याभाऊ कुठं गेले? ठीक आहे ना सगळं?

कापूसकोंड्या | १८ जानेवारी, रात्री ११.५०

डॉक्टर, तुमचा प्रश्न मी १४ लाच वाचला होता. वाचून उठलो अन् आबांचा औषधाचा डबा काढला. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात त्यांच्या बीपीच्या गोळ्या, झेंडू बाम, गाईच्या जखमेची पावडर, सगळं एकत्र. त्यात पॅरासिटामॉल ५०० ची पट्टी. एका घरातली गोळी अर्धी मोडलेली, उरलेली अर्धी परत तिथंच ठेवून वरून चांदीचा कागद बोटानं दाबून बसवलेला. आबा काही वाया घालवत नाहीत.

ती ताप म्हणून दिली असणार. माणसाला तापात देतात तशी. अन् गोळी कडू, म्हणून मलईत.

त्या दिवशी तिळगुळ वाटायला पोरं येत होती, आबा दारात बसून सगळ्यांच्या हातावर ठेवत होते. मी डबा परत जागेवर ठेवला, अर्धी गोळी तेवढी काढून चुलीत टाकली.

खरं सांगा, त्यानंच झालं का?

ढोरांचा_डॉक्टर | १९ जानेवारी, सकाळी ६.३०

बहुतेक त्यानंच. खोटं बोलून तुम्हाला बरं वाटणार नाही.

आपल्या यकृतात हे औषध मोडून बाहेर टाकायची जी यंत्रणा आहे ती मांजरात फारच तोकडी. मग त्याचं विष होतं, ते रक्तातल्या तांबड्या पेशींवर जातं. रक्त असतं पण ते प्राणवायू वाहून नेत नाही. म्हणून हिरड्या कथ्थ्या, म्हणून धाप. तोंड अन् पंजे सुजणं ही तर त्याची खूणच आहे. पुढं यकृतही जातं. अर्धी गोळी म्हणजे २५० मिलिग्रॅम. तीन-साडेतीन किलोच्या मांजरीला ती फार झाली, याच्या कितीतरी कमी मात्रेतही मांजरी दगावतात. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, माणसानं हीच गोळी जास्त खाल्ली तर त्यालाही तेच देतात. पण ते लवकर, पहिल्या काही तासांत पोचावं लागतं. तुम्ही सकाळी सूज पाहिली तेव्हा रात्र निघून गेली होती. रपट्यापुढं गाडी नेली असती तरी फारसं काही हाती नव्हतं, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो.

ताप कशाचा होता ते आता कळणार नाही. कदाचित कुठं बोक्याचा दात लागून पू झाला असेल, ते खूप होतं.

अन् आबांचं: मी शिकायला जायच्या आधी माझ्या आईनंही दिली असती. दिलीही असेल.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, माणसाची कोणतीही तापाची-दुखण्याची गोळी मांजरीला नाही. गोचीड-पिसवांचं कुत्र्याचं औषध मांजरीला नाही, त्यातलं पर्मेथ्रिन तिला चालत नाही. आणि कोठीत उंदराचं औषध टाकत असाल तर मेलेले उंदीर रोज वेचून पुरा. रक्त पातळ करणारी जी निळी-हिरवी वडी मिळते, ती खाल्लेला उंदीर तीन-चार दिवस सुस्त फिरत राहतो. मांजरीला असा उंदीर म्हणजे आयतं जेवण.

आर्णीची_पोट्टी | १९ जानेवारी, सकाळी ९.१२

कोंड्याभाऊ, आबाले सांगू नका. अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाले आता हे कायले? त्यायनं जीव लावून देली. परडच राहू द्या.

(वय मी अंदाजानं लिहिलं, चुकलं असलं तर सांगा.)

कापूसकोंड्या | १९ जानेवारी, सकाळी ९.४०

बरोब्बर ७८. कसं ओळखलं?

आर्णीची_पोट्टी | १९ जानेवारी, सकाळी ९.४३

माह्या आबाजीएवढेच वाटले. तेबी अर्धी गोळी ठेवते.

कवेलू | १९ जानेवारी, दुपारी १२.३०

माझे मत जरा वेगळे पडते. सांगावे. आज ना उद्या घरात दुसरे मांजर येईल, किंवा नातवंडे एखादे पिल्लू उचलून आणतील. तेव्हा पुन्हा ताप आला तर आपले वडील पुन्हा तोच डबा उघडतील. न सांगणे ही माया आहे, पण ती आपल्या सोयीची माया आहे.

वरूडचा_संत्रा | १९ जानेवारी, दुपारी १.००

सर, पटतं पण होत नाही. मधला मार्ग: डबाच बदला. माणसाचं वेगळं, ढोरांचं वेगळं. सांगायचं काही नाही.

शुभंकरोति | १९ जानेवारी, रात्री ८.००

नकळत का होईना, पण मार्जारहत्या मोठं पाप मानलं आहे. सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी असं जुने लोक सांगत. निदान शांत करून घ्या. वडिलांच्या मनालाही बरं वाटेल.

बोडीवरचा_बगळा | १९ जानेवारी, रात्री ८.३५

शुभंकरोति, आबांनी हे ऐकलं तर ते खरंच सोनाराकडं जाऊन भाव विचारतील, त्या पिढीचे आहेत. यंदाचा कापूस त्यात जाईल. अन् सोन्याची मांजर घेणाऱ्याचं भलं होतं, धुरपीला त्यातलं काय? राहू द्या.

रोखठोक | २१ जानेवारी, रात्री ११.१५

डॉक्टरसाहेब, एक विचारायचं होतं. ती गोळी कुत्र्याला चालते का? म्हणजे थंडीत त्याचे मागचे पाय धरतात, म्हातारा आहे, तेरा वर्षांचा. मी एक-दोनदा पाव पाव दिली होती. गुळात.

ढोरांचा_डॉक्टर | २२ जानेवारी, सकाळी ६.५०

नका देऊ. मांजरीएवढं वाईट नसलं तरी त्याच्या यकृताला सोसत नाही, अन् म्हाताऱ्याला तर नाहीच. कुत्र्यांची सांधेदुखीची वेगळी औषधं आहेत, वजन करून देतात. त्याला घेऊन जवळच्या दवाखान्यात जा. तोवर खाली जाड पोतं टाका, फरशीवर झोपू देऊ नका.

रोखठोक | २२ जानेवारी, सकाळी ७.०५

पोतं आहे. माझी जुनी वाकळ पण आहे.

आर्णीची_पोट्टी | २२ जानेवारी, सकाळी ७.३०

जनावर ते जनावर ना भाऊ? 😄 नाव काय त्याचं?

रोखठोक | २२ जानेवारी, सकाळी ७.३२

शेरू.

कापूसकोंड्या | २६ जानेवारी, दुपारी ४.२०

पोरीच्या शाळेतून झेंडावंदन करून आलो, घरी निवांत आहे म्हणून लिहितो.

गुरुवारी कापूस गेला. भाव वाढला नाहीच. गाडी दारात लागली, दोन मजूर गंजीवर चढले. मी मुद्दाम आबांना म्हटलं, काट्यावर तुम्ही उभे राहा, ते लोक माप मारतात. आबा म्हणाले, "तू राय उभा." अन् मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. मजुरानं पहिलं पाऊल ठेवलं ते नेमकं तिथंच. त्याचा काय दोष, चढायला तीच जागा सोपी होती. म्हणूनच तर तीही तिथून चढायची.

खोली आता इतकी मोठी दिसते की बोललं तर घुमतं. घरात गमत नाही कोणालाच. बायको, जी विकून टाका म्हणत होती, तिनं परवा आईची ती उशी काढून उन्हात टाकली.

काल रात्री आबा चुलीपाशी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते, सोल्याची आमटी करायची होती. मी मोबाइल पाहत होतो. आबा म्हणाले, "डब्यातली अर्धी गोयी कोठी गेली?"

मी म्हटलं, जुनी झालती, टाकली.

आबांनी एक शेंग सोलली. दुसरी सोलली. दाणे टोपल्यात टाकले, साल बाजूला. मग म्हणाले, "तिच्यानंच झालं नं?"

दहा दिवस मी तयारी करत होतो काय बोलायचं याची. परडाचं सगळं रचून ठेवलं होतं. पण असं सरळ विचारल्यावर नाही जमलं. हो म्हटलं. मग डॉक्टर, तुमचं सगळं सांगितलं, यकृत, तांबड्या पेशी, काही तासांचा हिशेब, रपट्यापुढं नेऊनही फारसं काही झालं नसतं हेसुद्धा.

"मले तवाच वाटलं होतं," म्हणाले. "गोयी देली अन् सुजली. मले काय एवढंबी समजत नाही?"

म्हणजे त्या दिवशी मोटारसायकलवर मागं बसून, ती मांडीवर असताना, त्यांना माहीत होतं. अन् दहा दिवस मी त्यांच्यापासून लपवत होतो अन् तीन आठवडे ते माझ्यापासून.

मग मी हा सगळा धागा त्यांना वाचून दाखवला. बाईसाहेबाच्या चिचुंदरीवर हसले. बगळ्याच्या आईचं दार ऐकून "हूं" म्हणाले. कवेलू सर, तुमचं सटवाईचं दोनदा वाचायला लावलं. काशीचं मी गाळलं, शुभंकरोति, राग मानू नका. रोखठोकचं शेवटचं ऐकून म्हणाले, "हा माणूस बरा हाये, तोंड तेवढं खराब."

आज सकाळी पोरीला मार्कर आणायला लावला अन् डब्याच्या झाकणावर लिहून घेतलं. ती चौथीत आहे, तिनं "मांजरीला देऊ नये" असं सुरू केलं. आबा म्हणाले, तसं नाही, आपल्या बोलीत लिही, मले घाईत वाचता आलं पायजे. तर आता झाकणावर मोठ्या निळ्या अक्षरांत आहे:

मांजरीले देऊ नोका.

खाली जागा उरली होती. आबा थोडं थांबले, मग म्हणाले, अजून एक ओळ लिही. रोखठोक भाऊ, ती तुमच्यासाठी:

कुत्र्यालेबी नाही.